चाळीस चौकोन आणि एक बंद माग

पहिल्या रविवारी फळ्यावर म्युझिक व्हिडिओच्या २३ कल्पना जमल्या. त्यात ड्रोन दोनदा होता, कारण फळ्याच्या दोन टोकांना दोघं लिहीत होते आणि एकमेकांचं वाचत नव्हते. बाकी पाऊस (शूटिंग नोव्हेंबरात), बुलेट, रंगीत धूर, पंचगंगेच्या घाटावर स्लो मोशन, गॅदरिंगला बसवलेला ग्रुप डान्स, आणि शेवटी हिरो मरतो. हिरो कोण हे ठरलं नव्हतं. गाणंही ठरलं नव्हतं.

मी कोल्हापुरात एडिटिंग करतो. लग्नं, संस्थांच्या माहितीपटांची कामं, मधूनच एखादं अल्बमचं गाणं. यंत्रमागांच्या इचलकरंजीतल्या एका महाविद्यालयाच्या चौदा मुलामुलींना म्युझिक व्हिडिओ करायचा होता, म्हणून त्यांच्या प्राध्यापकांनी माझ्याकडे पाच रविवार मागितले. शूटिंग मुलं स्वतः करणार, मी नियोजनापुरता. इथे लिहितोय ते त्या पाच रविवारांचं. मुलांची नावं देत नाही, कामावरूनच ओळख पुरेल: गाणारी, चाल लावणारा, गाणं लिहिणारा, कॅमेरावाला, नाचाची पाच जणांची टीम, आणि वहीवाली. वहीवाली पहिल्या दिवशी फक्त वर्गणी गोळा करायला आली होती. माणशी पाचशे म्हणजे सात हजार, आणि कॉलेजच्या सांस्कृतिक विभागाचे पाच हजार. एकूण बारा हजार रुपये.

पहिल्या दिवशी मी एक चूक केली. "सगळ्यांनी मिळून ठरवा" म्हणालो. ऐकायला बरं वाटतं. चौदा जणांनी मिळून ठरवायचं म्हटलं की कुणीच कुणाची कल्पना खोडत नाही, सगळे आपापली जोडत राहतात. दोन तासांनी फळा भरला होता आणि काहीच ठरलं नव्हतं.

गाणं कुणाचं

गाणारीला अभंग गायचा होता. आवाज तयार होता, शास्त्रीय गाण्याच्या तीन परीक्षा झाल्या होत्या. ग्वाल्हेर गायकी महाराष्ट्रात रुजवणारे, विष्णु दिगंबर पलुस्करांचे गुरू बाळकृष्णबुवा (१८४९–१९२६) इचलकरंजीचं नाव लावत, तेव्हा इथल्या मुलीने अभंग गावा हे बरोबरच होतं. बुवांचं नाव वर्गात दोघांनाच माहीत होतं हा भाग वेगळा.

तिने निवडलेला अभंग घराघरांत ऐकला जाणारा. मी विचारलं, "परवानगीचं काय?" वर्ग हसला. नाचाच्या टीममधला एक जण म्हणाला, "सर, तुकाराम महाराज परवानगीपत्र मागायला येणार आहेत का?"

हा गैरसमज मी मोठ्या माणसांतही पाहिलाय. गाण्यात तीन वेगळ्या मालमत्ता असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे. पण आपल्या कानात बसलेली चाल बहुतेक वेळा गेल्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची असते, आणि १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याची किंवा त्याच्या वारसांची, नाहीतर ज्या कंपनीला त्याने हक्क दिले तिची. ध्वनिमुद्रणाचा हक्क पुन्हा निराळा, तो प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. नेटवरून उतरवलेला कराओके ट्रॅकसुद्धा कुणीतरी वाजवून रेकॉर्ड केलेला असतो. आणि गाणं नुसतं गाऊन रेकॉर्ड करण्याची परवानगी मिळाली तरी त्यावर चित्र जोडण्याची मुभा त्यात येत नाही, ती वेगळी मागावी लागते. गॅदरिंगमध्ये स्टेजवर गायलं तर कुणी विचारत नाही. व्हिडिओ चॅनेलवर चढवला की मशीनच विचारतं.

तिला वाईट वाटलं. मग शब्द अभंगाचे ठेवून नवी चाल बांधायची असं निघालं, आणि चाल लावणाऱ्याचा चेहरा पडला. लोकांना पाठ असलेल्या चालीशी सामना करायचा म्हणजे हरायचीच तयारी. बराच वेळ कुणी बोलेना. तेव्हा मागच्या बाकावरून, सकाळपासून एकही कल्पना न सांगितलेल्या मुलाने मोबाइल पुढे केला. नोट्समध्ये चार कडवी होती. पहिल्या दोन ओळी अशा:

कांडीवर कांडी, दिवस भरला,
कुणाच्या अंगाला सदरा शिवला.

इचलकरंजीबाहेरच्यांसाठी सांगतो: मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो धोटा, आणि त्यात बसते ती सुताची लहान नळी म्हणजे कांडी. ती भरण्याचं काम बहुतेक बायका करतात. या मुलाची आई गेली अनेक वर्षं तेच करते. हे त्याने नाही सांगितलं, शेजारच्याने सांगितलं.

नाचाची टीम म्हणाली, "छान आहे, पण यावर नाचायचं काय?" प्रश्न रास्त होता. तो चौथ्या रविवारपर्यंत पुरला.

दोनशे सेकंद

दुसऱ्या रविवारी चाल तयार होती. केहरवा ताल, मिनिटाला ९६ मात्रांची लय, हार्मोनियमवर मोबाइलमध्ये रेकॉर्ड केलेला कच्चा ट्रॅक, लांबी ३ मिनिटं २० सेकंद. हा योग इतका सोयीचा होता की मी खडू घेऊन उभाच राहिलो. ९६च्या लयीत एक मात्रा ०.६२५ सेकंदाची. आठ मात्रांचं एक आवर्तन बरोबर पाच सेकंदांचं. गाणं दोनशे सेकंदांचं, म्हणजे चाळीस आवर्तनं.

कॅमेरावाल्याने स्टोरीबोर्डची छापील पानं आणली होती, ती मी बाजूला ठेवायला लावली. चार कार्डशीट चिकटवून त्यावर चाळीस चौकोन आखले, एका ओळीत आठ. मग गाणं लावलं आणि दर समेला, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, एका चौकोनावर बोट ठेवत गेलो. दुसऱ्यांदा गाणारीने बोट ठेवलं, तिसऱ्यांदा नाचाच्या टीमने. पाचव्या वेळेपर्यंत वर्गातल्या सगळ्यांना गाणं डोळ्यांनी दिसायला लागलं होतं: सुरुवातीचं संगीत ३ चौकोन, मुखडा ६, मधलं संगीत ३, पहिला अंतरा ६, मुखडा ३, पुन्हा संगीत ४, दुसरा अंतरा ६, शेवटचा मुखडा ६, आणि विरत जाणारे ३.

स्टोरीबोर्ड वाईट नसतो. पण मुलं चित्र काढायला लागली की चित्रांचीच गोष्ट होते, आणि गाणं त्या गोष्टीमागे फरफटत जातं. सिनेमात प्रसंग लांबवता येतो. इथे गाणं संपलं की तुमची गोष्ट जिथे असेल तिथे संपते. म्हणून आधी वेळ मोजायचा, मग त्यात काय मावतं ते पाहायचं. पंधरा वर्षं टाइमलाइनसमोर बसून मला पक्कं कळलेली गोष्ट एवढी एकच आहे, आणि ती मी शिकवायला गेलो होतो.

आता फळ्यावरच्या तेवीस कल्पना एकेका चिठ्ठीवर लिहून चौकोनांत ठेवायला सांगितल्या. अट एक: चिठ्ठी जेवढे सेकंद मागते तेवढे चौकोन अडवणार. बुलेटवरून येण्याला तीन चौकोन, म्हणजे पंधरा सेकंद. "पंधरा सेकंद नुसता बुलेटवरून येतोय?" असं बुलेटचा आग्रह धरणाऱ्यानेच विचारलं आणि चिठ्ठी उचलून खिशात घातली. हिरो मरायला सात चौकोन लागत होते. तोही वाचला. ड्रोन वहीवालीने काढला. दिवसाचं भाडं बजेटच्या निम्म्याला जात होतं, आणि वरून पाहिलं तर इथे पत्र्यांशिवाय काय दिसणार, असं ती म्हणाली. मला ते पटलं नाही. एकसारख्या शेडची ती ओळच्या ओळ वरून फार सुंदर दिसते. पण पैसे तिच्याकडे होते. त्या दिवसापासून "नाही" म्हणण्याचा हक्क तिचा, असं ठरलं. निवडणूक झाली नाही.

गाण्याचे शब्द असलेले चौकोन सत्तावीस. पहिल्या फेरीत त्या सत्तावीसही चौकोनांत गाणारीचा चेहरा होता. मी काही बोललो नाही. तिनेच दोन वेळा बोट फिरवलं आणि म्हणाली, "सर, मीच मी दिसतेय." ओठ दिसतील असे चौकोन तिने अकरावर आणले. उरलेल्या सोळांत आवाज तिचा आणि चित्र दुसऱ्या कशाचं. कशाचं, ते पाहायला माग बघणं भाग होतं.

रेकी

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली बसवला. त्याला शंभर वर्षं कधीच उलटली, आणि या गटातल्या चौदापैकी नऊ मुलांच्या घरी मागाशी संबंधित काही ना काही काम चालतं: कुणाचे वडील जॉबर (माग दुरुस्त करणारे), कुणाचे मामा सायझिंगला (सुताला खळ लावतात तिथे), एकाच्या घरचे सहा माग. तरीही कारखान्यात जाऊन दहा मिनिटं नुसतं उभं राहून पाहिलेली तीनच. रोजचा आवाज असतो तो, पाहायचं काय त्यात.

एका ओळखीच्या कारखानदाराने रेकीला, म्हणजे शूटिंगआधी जागा पाहायला, आत यायला परवानगी दिली. शेडमध्ये चोवीस माग. आत पाऊल टाकलं आणि आमचं नियोजन पहिल्याच मिनिटाला कोलमडलं, कारण एकमेकांचं बोलणं ऐकूच येईना. ओठ जुळवायचे तर गाणारीला गाणं मोठ्याने ऐकवावं लागतं. त्याला आम्ही प्लेबॅक म्हणतो. कॉलेजचा ब्लूटूथ स्पीकर तिथे कानाला लावला तरी कळत नव्हता. दुसरं, ओढणी. दिवाणजींनी दारातच मुलींना ओढण्या कंबरेला खोचायला लावल्या आणि नाचाच्या टीमकडे बघून म्हणाले, "हितं नाच बिच काय न्हाई. धोटा उडाला तर डोळा जातोय." शटल लूमचा धोटा खरोखरच कधीकधी उडतो, आणि त्याची टोकं धातूची असतात.

बाहेर आल्यावर मी अगदी सहज म्हणालो, "मालकांना सांगून तासभर सगळे माग बंद ठेवू. आवाजाचाही प्रश्न मिटेल."

कुणी काही बोललं नाही. गाणं लिहिणारा चपलेने माती उकरत राहिला. वहीवालीने वही उघडली. इथे माग चालवणाऱ्याची मजुरी मीटरवर मिळते. ५२ पिकाच्या (इंचाला ५२ आडवे धागे) कापडाला मीटरमागे इतके पैसे, अशी मजुरीच्या वाटाघाटींची भाषा आहे. माग थांबला की मीटर थांबला, मीटर थांबला की पैसे थांबले. एकेक कामगार चार-सहा माग सांभाळतो. चोवीस माग तासभर बंद म्हणजे चार-सहा माणसांचा तास गेला, तोही मालकाने नाही, आम्ही घालवलेला. "त्यांना आपण द्यायचे का सर? किती द्यायचे?" तिने विचारलं. टोमणा नव्हता त्यात, तिला खरंच वहीत आकडा लिहायचा होता.

कामगाराच्या कष्टावरचं गाणं चित्रित करायला कामगाराची मजुरी बुडवणार होतो मी. आणि हे सुचवणारा त्या टोळक्यात एकटाच बाहेरगावचा होता.

वाट दिवाणजींनी काढली. ते तिथेच विडी ओढत होते. म्हणाले, बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, संपला की माग आपोआप थांबतो. नव्या बीमचा धागा न् धागा जुन्याला जोडायला वहिफणीवाला बसतो, त्याला काही तास लागतात. तेवढा वेळ तो माग गप्प असतो. "त्याच्या कडंला करा काय करायचं ते. बाकीचे चालूच ऱ्हातील, पर त्या कोपऱ्यातला बीम संपला की शेजारचे दोन बी मी तेवढ्यापुरते..." आणि त्यांनी हात हलवला. त्या हात हलवण्याचा अर्थ आम्ही नंतर नीट विचारून घेतला. शेजारच्या दोन मागांवरच्या माणसाची जेवणाची सुट्टी त्या वेळेला जोडता येते, असा तो होता.

आवाज तरीही राहणारच होता. त्यावर कॅमेरावाल्याचा तोडगा साधा निघाला: गाणारीच्या एका कानात इअरफोन, केसांखालून. तिच्या ओठांचा शॉट कॅमेऱ्याकडून दुसरा कान दिसेल असा. म्हणजे तिची मान कुणीकडे वळणार, हेसुद्धा त्या दिवशी ठरलं, सौंदर्याशी काही संबंध नसताना.

खटका आणि सम

आता थोडं विषयांतर, पण या प्रकरणातला मला सगळ्यांत आवडलेला भाग हाच.

चाल लावणाऱ्याने रेकीला मागाचा आवाज रेकॉर्ड केला होता. त्याला तो ढोलकीच्या जागी वापरायचा होता. घरी जाऊन त्याने मोजलं: त्या एका मागाचे मिनिटाला साधारण १२८ खटके. गाणं ९६. दोन्ही एकत्र वाजवलं तर गोंधळ. गाणं १२८वर नेलं तर गाणारीचा श्वास पुरेना आणि शब्द पळायला लागले. माग ९६वर आणला, म्हणजे रेकॉर्डिंग ताणलं, तर तो मागासारखा वाटेना. शेडच्या सावलीत वाढलेल्या मुलांनी लगेच ओळखलं, "हा आजारी माग आहे."

तिसऱ्या रविवारी तो फळ्यावर आकडे मांडून उभा होता. ९६ आणि १२८ यांचं नातं तीनास चार असं आहे. गाण्याच्या तीन मात्रांत मागाचे चार खटके. आठ मात्रांच्या आवर्तनात ते पुरे बसत नाहीत, पण तीन आवर्तनांत, म्हणजे २४ मात्रांत, बरोबर ३२ खटके बसतात आणि पुढच्या समेवर दोघं पुन्हा भेटतात. "सर, माग आणि गाणं दर पंधरा सेकंदांनी एकमेकांना भेटतात." तो हे सांगत होता तेव्हा गाणारी बोटांवर मात्रा मोजत होती. तिने मान डोलावली, वर्गाने टाळ्या वाजवल्या. असे दिवस शिकवणाऱ्याच्या वाट्याला फार येत नाहीत.

आता खरा माग १२८वर स्थिर राहत नाही, व्होल्टेज खालीवर झालं की तोही होतो, आणि चोवीस माग एकत्र चालले की कुणाचाच खटका कुणाशी जुळत नाही. म्हणून त्याने एकाच मागाचा स्वच्छ तुकडा उचलला, थोडा नीट केला आणि पहिल्या तीन चौकोनांत ठेवला. गाणं मागाच्या आवाजाने सुरू होतं, पंधराव्या सेकंदाला सम येते, तिथे मुखडा उचलला जातो आणि माग मागे सरतो. शेवटच्या तीन चौकोनांत पुन्हा तोच, एकटा.

कॅमेऱ्यालाही यातून काम मिळालं. सेकंदाला नेहमीच्या २५ फ्रेममध्ये धोटा दिसतच नाही, नुसती एक रेघ सरकते. पहिल्या तीन चौकोनांत धोटा दिसायला हवा होता, म्हणून १०० फ्रेमने घेऊन चौपट संथ करायचं ठरलं. चाचणीला मोबाइलवर १२० फ्रेमने घेतलं तर चित्र लुकलुकायला लागलं. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होते, आणि १२०चा आकडा त्याच्याशी जुळत नाही. १०० जुळतो. तरी धोका नको म्हणून वेळ सकाळी दहा ते बाराची ठरली, छताच्या काचेतून ऊन थेट त्या कोपऱ्यातल्या मागावर पडतं तेव्हाची.

काकू

दुसऱ्या अंतऱ्याचे सहा चौकोन कांडीचे. ते गाणं लिहिणाऱ्याच्या आईचे, यात कुणालाच शंका नव्हती, फक्त त्यांना विचारलं नव्हतं. गटाच्या डोक्यात चित्र पक्कं होतं: अंधारी खोली, एकच खिडकी, थकलेला चेहरा, जमलं तर डोळ्यांत पाणी. कॅमेरावाल्याने ग्लिसरीनची किंमतही काढली होती.

तीन जणी त्यांच्या घरी गेल्या, मुलगा मुद्दाम गेला नाही. काकूंनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी काय रडाय लागलोय व्हय गं? काम करतोय मी." कोल्हापुराकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना "करतो, जातो" म्हणतात. मुलींनी परत येऊन ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं, आणि ग्लिसरीन वहीतून खोडलं गेलं.

चेहरा दाखवायला त्यांनी नकार दिला. पाव्हण्यारावळ्यांत चर्चा नको, हे कारण त्यांनी सांगितलं आणि आम्हाला पुरलं. हात दाखवायला हरकत नव्हती. अट एक: काम थांबवून पोज देणार नाही, तुम्हाला घ्यायचं ते काम चालू असताना घ्या. त्या मिनिटाला किती कांड्या काढतात हे मुलींनी विचारलं नाही. परत आल्यावर चाल लावणाऱ्याने तेवढंच विचारलं आणि शिव्या खाल्ल्या.

कारखान्यातल्या कामगारांनाही एकेकाला विचारायचं, मालकाने हो म्हटलं म्हणजे सगळ्यांनी म्हटलं असं धरायचं नाही, हा नियम त्या भेटीनंतर झाला. एका कागदावर चार ओळी मराठीत लिहिल्या: कशासाठी, कुठे दिसणार, नको असेल तर कुणाला फोन करायचा. मालकाची अट कारखान्याचं नाव दिसू नये एवढीच होती.

सेटअपचा हिशोब

चौथ्या रविवारी नाचाच्या टीमचा प्रश्न पुन्हा आला, जरा रागाने. पाच जण चार आठवडे येत होते आणि तक्त्यावर त्यांचा एकही चौकोन नव्हता. घाटावर नाच ठेवू म्हणून सगळे पंचगंगेवर गेलो, तर पाणी जलपर्णीने भरलेलं, पायऱ्यांवर पावसाळ्यातल्या पुराचा गाळ सुकलेला. स्लो मोशनची स्वप्नं तिथेच थोडी कमी झाली.

त्या स्लो मोशनबद्दल दोन शब्द, कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. चालण्याची गती संथ, पण ओठ गाण्याशी जुळलेले, असं हवं असेल तर ५० फ्रेमने शूट करायचं आणि सेटवर गाणं दुप्पट वेगाने लावायचं. गाणाऱ्याने त्या पळत्या गाण्याबरोबर ओठ हलवायचे. २५वर आणलं की ओठ जागेवर येतात आणि बाकी जग संथ होतं. गाणारीने तालीम केली तेव्हा कार्टूनसारखा आवाज ऐकून कुणालाच हसू आवरेना, पण तिसऱ्या प्रयत्नात जमलं. तिने दुप्पट वेगातही समेला बरोबर मान दिली. परीक्षा उगाच दिल्या नव्हत्या.

नाचाचं उत्तर नाचाच्या टीमनेच काढलं, आणि मला ते सुचलं नसतं. घाटावरून परतताना त्यांच्यातल्या एकीने वहिफणीवाल्याच्या हातांची नक्कल केली: धागा उचल, जोड, पीळ दे, सोड. चार हालचाली, आठ मात्रांत दोनदा. बाकीच्यांनी ती उचलली. कॉलेजच्या गच्चीवर पाच जण एका ओळीत बसून फक्त हातांनी ते करणार, दुसऱ्या अंतऱ्याआधीच्या संगीताच्या चार चौकोनांत. तिथे धोटा नाही, ओढणीची भीती नाही, ड्रेसला खर्च नाही. "पण यात नाच कुठाय?" असं त्यांच्यातल्याच एकाने शेवटपर्यंत विचारलं. त्याला अजूनही ते पटलेलं नाही, आणि तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. गॅदरिंगचा डान्स बसवायला त्यांनी दोन महिने घालवले होते.

मग रुक्ष काम. चाळीस चौकोनांत सरासरी अडीच सेकंदांचा शॉट धरला तर ऐंशी शॉट. घाबरायचं कारण नाही, कारण शॉट आणि सेटअप वेगळे. कॅमेरा एका जागी, एका लेन्सने लावला की एक सेटअप, आणि त्यातून दहा चौकोनांचे तुकडे मिळू शकतात. मुलांच्या यादीत ६१ सेटअप झाले. शूटिंगचे दिवस दोन. दहा तासांच्या दिवसातून जेवण, प्रवास आणि "चार्जर कुठाय" वजा केले की सात तास उरतात. नवख्या गटाला सेटअपमागे अर्धा तास द्यावाच. दिवसाला चौदा, दोन दिवसांचे अठ्ठावीस. ६१मधून अठ्ठावीसच्या आत यायचं होतं.

इथे मी खोलीबाहेर जाऊन बसलो. आतून दीड तास भांडणाचे आवाज आले. वहीवाली बाहेर आली तेव्हा यादी २६ची होती, आणि दोन सेटअप "माझ्याकडे राखीव" असं तिने सांगितलं. कॅमेरा बॉडी कॉलेजच्या माजी विद्यार्थ्याची, फुकट. लेन्सचं भाडं दोन दिवसांचे ३,६००. जेवणं प्रत्येकाच्या घरून डबा. काकूंना साडी द्यायची का यावर थोडी चर्चा झाली. त्यांच्या मुलाने नको म्हटलं, रोजाचे पैसे द्या म्हणाला.

पाचव्या रविवारी फारसं काही झालं नाही. तक्ता भिंतीवर लावला, प्रत्येक चौकोनाला टाचणीने चिठ्ठी, चिठ्ठीवर जागा, वेळ, कोण हजर हवं, ओठ आहेत की नाहीत. चिकटवू नका, टाचणीच लावा, एवढं मी सांगितलं. ३३वा चौकोन रिकामा होता. शेवटच्या मुखड्यातली ती ओळ कुणाच्या तोंडी द्यायची यावर गाणारी आणि गाणं लिहिणारा यांचं एकमत झालं नव्हतं. राहू द्या म्हणालो. मग सगळ्यांनी मिळून मिसळ खाल्ली. पैसे मी दिले, वहीत नोंद झाली नाही.

शूटिंग पुढच्या शनिवार-रविवारी होतं. शनिवारी कॉलेजची गच्ची आणि घाट, रविवारी सकाळी माग. बीम रविवारी संपेल असा दिवाणजींचा अंदाज होता. मी त्या दोन दिवशी सांगलीला एका लग्नात होतो. एकही फोन आला नाही म्हणून रविवारी रात्री थोडा धास्तावून मीच वहीवालीला फोन केला.

बीम शुक्रवारी रात्रीच संपला होता. दिवाणजींनी साडेनऊला कळवलं: उद्या सकाळी वहिफणी बसतीय, दुपारी माग चालू. मुलं रात्री कॉलेजच्या वॉचमनकडून खोली उघडून घेऊन तक्त्यासमोर जमली, टाचण्या काढल्या, मागाच्या चिठ्ठ्या शनिवारी आणि गच्चीच्या रविवारी लावल्या. गाणारीला सकाळची परीक्षा होती, ती बाराशिवाय येऊ शकत नव्हती. तिच्या ओठांचे मागाजवळचे चार चौकोन होते. त्यातले तीन गच्चीवर गेले.

"आणि चौथा?" मी विचारलं.

"तो वहिफणीवाल्या काकांचा झाला. ते काम करताना गुणगुणत होते सर, आपलंच गाणं. सकाळपासून ऐकून ऐकून पाठ झालेलं. कॅमेरावाल्याने घेतलं. विचारलंय त्यांना, कागदावर सही आहे." थोडं थांबून ती म्हणाली, "आणि तेहतिसाव्यात पण तेच टाकलेत."

मग तिने लेन्सचे एका दिवसाचे पैसे परत मागता येतील का ते विचारलं. दुसऱ्या दिवशी गच्चीवर ती लेन्स वापरलीच नव्हती.